काळी काच आणि झेंडू

खंडेनवमीच्या सकाळी आबा शेडमधले वेल्डिंगचे मशीन पुसत होते. हे मशीन गेली नऊ वर्षे बंद आहे. पण नवमीला ते पुसून, त्याच्यापुढे नारळ वाढवल्याशिवाय आमच्या घरी कोणी चहाला हात लावत नाही. तेलाचे ते जुने मशीन, त्याच्या दोन जाड केबली, पितळी जबड्याचा होल्डर, पोपडा झाडायची हातोडी, तारेचा ब्रश आणि सर्वांत शेवटी हँडशील्ड, म्हणजे तोंडापुढे हाताने धरायची काळ्या काचेची ढाल, अशी सगळी मांडामांड करून आबांनी हळदकुंकू वाहिले. आई उंबऱ्याशी बसून झेंडूच्या माळा ओवत होती आणि तिच्या बोटांना तो उग्र, हिरवट वास लागला होता. मी आबांच्या सकाळच्या गोळ्या घेऊन आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नव्याने लिहून दिलेल्या कॅप्सूलच्या खोक्यावर झेंडूचे फूल छापलेले होते. आबांनी खोका डोळ्यांपाशी नेला, मग हात लांब करून पाहिला, मग पुन्हा जवळ आणला. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आला असल्यामुळे अक्षरे लागत नव्हती, पण फूल ओळखू आले. ‘‘हे झेंडूचंच काय गं?’’ त्यांनी विचारले. मी होय म्हणाले; झेंडूच्या पाकळ्यांतूनच ते काढतात, असेही सांगितले. त्यांनी हँडशील्डला माळ घातली, काळ्या काचेवर आलेली पाकळी बोटाने बाजूला सारली आणि मान वर न करता म्हणाले, ‘‘मग तवाच खाल्लं असतं तर डोळं वाचलं असतं?’’

मी घाईत ‘‘असं काही नसतं, आबा’’ म्हणाले आणि पाण्याचा पेला पुढे केला. ते कॅप्सूल गिळून नारळाकडे वळले. विषय तिथेच संपला, निदान त्यांच्यापुरता. मी मात्र बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. ऑक्सिडीकरण म्हणजे काय, इलेक्ट्रॉन कोण देतो, कोण घेतो, हे फळ्यावर लिहिण्यात माझी बावीस वर्षे गेली आहेत. ज्या माणसाने आपले डोळे जाळून मला त्या फळ्यापर्यंत पोहोचवले, त्याने आयुष्यात एकदा त्या विषयातला प्रश्न विचारला आणि मी त्याला पाण्याचा पेला दिला.

उत्तर माझ्याकडे होते. पण ते एका वाक्याचे नव्हते.

आबा एकोणिसाव्या वर्षी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेल्पर म्हणून लागले. ऊस वाहायच्या ट्रॉल्या, शेडचे कैचे, गिरणीचे जिने, देवळाची दारे, असे सगळे त्यांच्या हाताखालून गेले. आमच्या लहानपणी महिन्या-दीड महिन्यातून एखादी रात्र अशी यायची, की मध्यरात्रीनंतर स्वयंपाकघरात दिवा लागायचा आणि किसणीचा आवाज यायचा. आई बटाटे किसत असायची. त्या वेळी बटाट्याचा तो आवाज ऐकला की मी आणि दादा अंथरुणात एकमेकांकडे वळून नुसते म्हणायचो, ‘‘आबांना वेल्डिंग लागलं.’’ आबा भिंतीला टेकून बसलेले असत, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही गालांवरून पाणी वाहत असलेले, आणि दिव्याचा प्रकाश पापणीतूनसुद्धा टोचतो म्हणून तोंड काळोखाकडे वळवलेले. डोळ्यांत वाळू टाकून वरून चोळल्यागत होतेय, असे ते म्हणत. आई ओल्या पंच्याच्या तुकड्यात बटाट्याचा कीस गुंडाळून मिटलेल्या पापण्यांवर ठेवी, तो गरम झाला की काढून दुसरा ठेवी. पहाटेपर्यंत ताटलीत काळपट पडलेल्या किसाचा लहानसा ढीग होई. कच्च्या बटाट्याचा तो मातकट, किंचित स्टार्ची वास आजही कुठे आला, की मला आधी वडिलांचे कण्हणे ऐकू येते आणि मग भाजी आठवते.

दुखणे नेहमी रात्रीच का यायचे, हे मला फार उशिरा कळले. वेल्डिंगच्या ज्योतीतून निघणारे अतिनील किरण दिसत नाहीत आणि लागतात त्या क्षणी कळतही नाहीत. त्यांतला आखूड लहरींचा भाग डोळ्याच्या सर्वांत पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, मुरतो. तिथल्या वरच्या थरातील पेशी पुढच्या सहा ते बारा तासांत मरतात आणि गळून पडतात; त्यांच्याखालच्या चेतातंतूंची टोके उघडी पडतात आणि शरीरात इतक्या दाटीने चेतातंतू असलेली जागा क्वचितच दुसरी असेल. दिवसभराचे काम आटोपून, जेवून माणूस आडवा होतो, नेमका तेव्हा त्या पेशींचा हिशेब पुरा झालेला असतो. हा थर स्वतःहून पुन्हा भरून येतो, बहुधा एक-दोन दिवसांत. म्हणून तिसऱ्या दिवशी आबा कामावर असत, आणि श्रेय बटाट्याला मिळे.

बटाट्यात क जीवनसत्त्व असते, ते अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणाला आळा घालणारे द्रव्य आहे, हे सगळे खरे. पण मिटलेल्या पापणीच्या कातडीतून ते कॉर्नियापर्यंत पोहोचते आणि मेलेल्या पेशी परत जिवंत करते, असे मी वर्गात सांगू शकणार नाही. तिथे उपयोगी पडला तो गारवा. काही जण बटाट्याचा रस थेट डोळ्यांत पिळतात, आणि सोललेल्या कॉर्नियावर अशी कोणतीही गोष्ट घालणे म्हणजे जंतूंना आवतण देणे आहे. आईने तेवढे कधी केले नाही, हे आमचे नशीब. तरीही त्या ताटलीतल्या काळ्या पडत जाणाऱ्या किसाबद्दल मला तुच्छतेने बोलवत नाही. कापलेला बटाटा काळा पडतो, तेच मुळी ऑक्सिडीकरण, आणि किरणांनी पेशींची हानी होते त्यातही त्याचा हात असतो. आई ज्या गोष्टीशी रात्रभर झगडत होती, ती तिच्यासमोर ताटलीत घडत होती, आणि ती पुन्हा पुन्हा ताजा कीस घेत होती.

त्या दुखण्याचे कारण अज्ञान होते, असे लोकांना वाटते. ते खरे नाही. काळी काच लावल्याशिवाय ज्योतीकडे बघायचे नाही, हे उद्यमनगरातल्या चहा देणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. अडचण हातांची असते. टाका, म्हणजे दोन तुकडे जागेवर धरून ठेवणारा छोटा जोड, मारताना एका हातात होल्डर लागतो, दुसऱ्या हाताने लोखंडी अँगल जागेवर धरावा लागतो, आणि हँडशील्ड धरायला तिसरा हात माणसाला नसतो. म्हणून मान फिरवायची, डोळे मिटायचे, रॉड टेकवायचा आणि चुर्र आवाज थांबला की डोळे उघडायचे. दिवसाला असे दोन-तीनशे टाके. त्यांतल्या दहा-वीस वेळा डोळे क्षणभर आधी उघडतात. शिवाय शेजारच्या माणसाची ज्योत असते, तिच्या वेळी आपले डोळे मिटलेले नसतात. डोक्यावर बसणारे हेल्मेट असते तर दोन्ही हात मोकळे राहिले असते, पण ते त्या काळी तिथे कोणाकडेच नव्हते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली. ल्युटीन १० मिलिग्रॅम, झिॲक्सँथिन २ मिलिग्रॅम, खाली क आणि ई जीवनसत्त्वे, जस्त, तांबे. ल्युटीन हे झेंडूच्या पिवळ्या-केशरी रंगाचे द्रव्य. कर्नाटकात आणि तामिळनाडूत त्यासाठी झेंडूची कराराने शेती होते; फुले वाळवून, दळून, त्यांतून दाट रंगीत अर्क काढतात. हा अर्क आधी कोंबड्यांच्या खाद्यात जास्त जाई, अंड्याचा बलक पिवळाधमक व्हावा म्हणून, आणि माणसाच्या डोळ्यांसाठी तो नंतर वापरात आला. इकडे आमच्या बाजारात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी न खपलेल्या झेंडूचे ढीग रस्त्याकडेला पडतात आणि जनावरेही त्यांना तोंड लावत नाहीत. त्या ढिगाजवळून जाताना या वर्षी पहिल्यांदा मला थांबावेसे वाटले.

मला अधिक मोह पडला तो फुलापेक्षा पानाचा. ल्युटीन प्रत्येक हिरव्या पानात असते, फक्त हरितद्रव्याच्या गर्दीत दिसत नाही. तिथे त्याचे काम शोभेचे नाही. भर उन्हात पानावर जेवढा प्रकाश पडतो तेवढा सगळा पानाला वापरता येत नाही, आणि वापरात न आलेली ती ऊर्जा ऑक्सिजनला लागली की तोच ऑक्सिजन पेशीला जाळत सुटतो. ही पिवळी द्रव्ये ती जादाची ऊर्जा स्वतःवर घेतात आणि साध्या उष्णतेच्या रूपाने सोडून देतात. ऊन चढू लागले की पान आपल्यातल्या दुसऱ्या एका पिवळ्या द्रव्यापासून झिॲक्सँथिन तयार करते, आणि सावली आली की ते पुन्हा मूळ रूपात नेऊन ठेवते. दुपारी बारा वाजता आपल्या परसातली मेथी हे करत असते. जनावर सावलीला जाते, माणूस छत्री उघडतो. झाडाला जागा सोडता येत नाही, म्हणून त्याला उन्हाचा उतारा स्वतःच्या अंगात तयार करावा लागला.

हाच उतारा आपल्या डोळ्यात असतो, आणि आपले शरीर त्यातला कणही बनवू शकत नाही. खाल्लेल्या भाज्या, फळे, मका, अंडी यांतून अशी डझनावारी पिवळी-तांबडी द्रव्ये रक्तात येतात. पण दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, मधोमध, जिथे आपण अक्षर वाचतो आणि माणसाचा चेहरा ओळखतो, त्या पीतबिंदूत डोळा ल्युटीन आणि झिॲक्सँथिन तेवढीच निवडून साठवतो. बाकीची दारातून परत जातात. ही द्रव्ये तिथे दोन कामे करतात. निळा प्रकाश वाटेतच शोषून घेतात, आणि त्यातून निसटलेल्या प्रकाशाने जो दाहक ऑक्सिजन तयार होतो त्याला शांत करतात. म्हणजे काळी काच आणि गार पंचा ही दोन्ही कामे एकाच द्रव्याकडे. डोळ्याच्या पुढच्या भागातली गोष्ट याहून नवलाची आहे. कॉर्निया आणि भिंग यांच्यामधल्या पाण्यात क जीवनसत्त्व रक्तापेक्षा कितीतरी पटींनी, सुमारे वीस पटींनी, अधिक असते. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांत ते भरपूर असते, निशाचरांत फारच कमी. उन्हात जगायचे ठरवलेल्या जीवांनी डोळ्यापुढे जणू लिंबूपाण्याचा पडदा धरला आहे. आणि माणसाला हेही जीवनसत्त्व घरी बनवता येत नाही, ते आवळ्या-पेरूकडूनच आणावे लागते.

हे वाचताना मला आईची परडी दिसत होती. चाकवत, माठ, शेपू, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला. आमच्याकडे रोज संध्याकाळी एक पालेभाजी असेच, आणि ती डोळ्यांसाठी नव्हे, तर जुडी स्वस्त असते म्हणून. १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे १२ मिलिग्रॅम ल्युटीन आणि झिॲक्सँथिन मिळून असते, म्हणजे त्या महागड्या कॅप्सूलइतके. ही द्रव्ये तेलात विरघळणारी असल्यामुळे भाजीबरोबर थोडे तेल पोटात गेले तरच ती नीट अंगी लागतात. म्हणजे लसणाची फोडणी हा नुसता चवीचा भाग नव्हता. आबा कामावरून आले की पितळीत भाकरी कुस्करून त्यावर ती भाजी घालून घेत. तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की आबा, तुम्ही ते तवाच खात होता. रोज खात होता.

आणि तरीही मध्यरात्री किसणीचा आवाज येत होता.

इथेच मला सावध व्हावे लागते, कारण यापुढची वाट निसरडी आहे. पानात असते, डोळ्यात असते, म्हणून जास्त घेतले की जास्त संरक्षण, हा हिशेब इतका सरळ वाटतो की चांगली शिकलेली माणसेही त्याच्या नादी लागतात. मदुराईजवळच्या खेड्यांत नेत्रतज्ज्ञांनी हा हिशेब प्रत्यक्ष तपासून पाहिला होता. रोज उन्हात राबणाऱ्या त्या मुलखात ३५ ते ५० वर्षांच्या ७९८ माणसांपैकी काहींना क, ई जीवनसत्त्वे आणि गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन दिले, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, आणि हे पाच वर्षे चालवले. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मोतीबिंदूच्या वाढीत दोन्ही गटांत फरक नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे, आणि याचे कारण त्या भिंगाच्या घडणीत असावे, असे मला वाटते. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने आपण आईच्या पोटात असतानाची असतात. शरीर कातडी बदलते, रक्त बदलते, कॉर्नियाचा थर दोन दिवसांत नवा करते. पण तो गाभा जन्मभर तोच. त्याच्यावर पडलेला प्रत्येक ओरखडा तिथेच राहतो. दूध एकदा नासले की त्यात कितीही ताजे दूध ओतले तरी ते सावरत नाही.

आबांचे कॅप्सूल मोतीबिंदूसाठी नव्हतेच. डॉक्टरांना त्यांच्या पीतबिंदूवर झिजेच्या खुणा दिसल्या होत्या, त्यासाठी ते होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांवर हे कॅप्सूल बेतलेले आहे. २००१ मध्ये संपलेल्या पहिल्या चाचणीत असे दिसले, की ज्यांच्या पीतबिंदूची झीज मध्यम टप्प्याला आली आहे, त्यांच्यात ती शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका या मिश्रणाने पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटतो. निरोगी डोळ्यांना त्याचा असा काही लाभ दिसला नाही. त्या मूळ मिश्रणात बीटा-कॅरोटीन होते. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, १९९४ मध्ये, अशी गोष्ट उघड झाली होती की बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. गाजराच्या रंगाची, भल्या नावाची ती गोळी! म्हणून दुसऱ्या चाचणीत त्याऐवजी ल्युटीन आणि झिॲक्सँथिन घालून पाहिले, आणि २०१३ नंतर तेच रूढ झाले. आबांनी चाळीस वर्षे बिडी ओढली. मेडिकलवाल्याने पहिल्या महिन्यात दिलेल्या दुसऱ्याच एका खोक्यावर बीटा-कॅरोटीन लिहिलेले होते, ते मी परत केले. ‘‘दोन्हीत काय फरक नाही मॅडम, सगळी जीवनसत्त्वंच,’’ असे तो म्हणाला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, की फळ्यावरचे रसायनशास्त्र घरच्या माणसाच्या उपयोगी पडले.

दिवाळीला भाची आली. ती पुण्याच्या एका रुग्णालयात कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. हृदयाच्या नळ्या तपासताना सतत क्ष-किरण चालू असतात, तिथे उभी असते. तिच्या बॅगेत शिशाच्या काचांचा चष्मा होता. आबांनी तो हातात घेतला, तळहातावर तोलला आणि म्हणाले, ‘‘केवढा जड हाय गं! कायम घालतीस?’’ ती म्हणाली, नाक दुखते, पण घालते. छातीवर किरणे मोजणारा बॅजही असतो, तो ठरावीक मुदतीने तपासायला जातो. क्ष-किरण भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू आणतात, हे जुनेच ज्ञान आहे. पण तो आधी समजत होते त्याहून बऱ्याच कमी मात्रेतही येतो असे लक्षात आल्यावर २०११ मध्ये किरणोत्सर्गापासूनच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने भिंगासाठीची वर्षाची मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून (हे किरणांच्या मात्रेचे माप) थेट २० वर आणण्याची शिफारस केली. आई हे सगळे ऐकत होती. तिने लगेच तुळशीची पाने खुडून काढा ठेवला. मणिपालच्या संशोधकांनी तुळशीतली दोन द्रव्ये उंदरांना आधी देऊन मग त्यांच्यावर गॅमा किरण सोडले, तेव्हा त्यांच्या पेशींची हानी कमी झाली, हे मी वाचलेले होते. ते सांगितले तर आईला आनंद होईल हे कळत असूनही मी गप्प राहिले. कारण पुढचे वाक्यही सांगावे लागले असते: ते उंदीर होते, आणि त्या काढ्याच्या भरवशावर पोरीने एक दिवसही तो जड चष्मा काढून ठेवता कामा नये.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतला एक प्रयोग माझ्या मनात घर करून राहिला आहे, जरी तो किरणांचा नसून साखरेने आणलेल्या मोतीबिंदूचा असला तरी. तिथे उंदरांना गॅलॅक्टोज खायला घालून मोतीबिंदू आणला आणि काहींना बरोबर हळदीतले कर्क्युमिन दिले. आहारात ०.००२ टक्के कर्क्युमिन असलेल्या गटात मोतीबिंदू लांबला. पाचपट, म्हणजे ०.०१ टक्के दिले त्या गटात तो उलट लवकर पिकला. एकच द्रव्य, तेच भिंग. जो इलेक्ट्रॉन देऊ शकतो तो वेळ पडली तर हिसकावूही शकतो, हे मी दर वर्षी शिकवते. पण या दोन आकड्यांइतके स्पष्ट मला कधी शिकवता आलेले नाही. आई भाजीत चिमूटभर हळद घालते, तेव्हा तिची चिमूट कोणत्या बाजूला पडते, असा विचार हल्ली माझ्या मनात येतो.

शेवटी कार्तिकातल्या एका संध्याकाळी मी कट्ट्यावर आबांच्या शेजारी बसले आणि त्यांनी खंडेनवमीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. पालेभाजी रोज होती, तिने आतल्या पडद्याला जपले असेल, असे सांगितले. मोतीबिंदूचा दोष एकट्या वेल्डिंगवर टाकता येत नाही, त्यात वय आहे, ऊन आहे, बिडी आहे, असे डॉक्टर म्हणाले तेही सांगितले. रात्रीच्या त्या दुखण्यावर मात्र जगातल्या कोणत्याही झाडाची गोळी चालली नसती, कारण ज्योतीचे किरण कॉर्नियात घुसायला क्षणही लागत नाही आणि पोटातले औषध तिथे वाट अडवून उभे राहू शकत नाही. तिथे एकच गोष्ट चालली असती, ती म्हणजे १० किंवा ११ नंबरची (हा काचेच्या गडदपणाचा नंबर) धड काळी काच. आबांनी सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, ‘‘काच फुटली हुती की. मालकाकडं दोनदा मागितली. तिसऱ्यांदा मागायची लाज वाटली.’’

काच. चार बाय तीन इंचांची असेल. तिला तडा गेल्यावर आबांनी मधोमध चिकटपट्टी लावली होती आणि पट्टीच्या कडेने उजेड आत यायचा. हे मला त्या संध्याकाळी कळले. असे किती महिने चालले, हे मी विचारले नाही. झेंडूच्या पाकळीपासून हैदराबादच्या उंदरांपर्यंत मी जे काही गोळा करून आणले होते, ते सगळे त्या चिकटपट्टीपाशी येऊन थांबले. मला मालकाचा राग आला, तो आता हयात नाही, त्यामुळे राग कुठे ठेवावा ते कळेना. आणि लाजेचाही राग आला; आबांच्या नव्हे, जी काच मागताना माणसाला लाज वाटते त्या व्यवहाराचा.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पौषात झाली. पट्टी निघाल्यावर आबांनी सगळ्यात आधी आईच्या लुगड्याकडे पाहिले आणि ‘‘हे निळं हाय व्हय, मी इतके दिवस काळं समजत हुतो,’’ असे म्हणाले. पिकलेले भिंग पिवळसर-तपकिरी होते आणि निळा रंग आत जाऊच देत नाही; ते काढले की निळे परत येते. नव्या कृत्रिम भिंगात अतिनील किरण अडवणारे द्रव्य घातलेले असते, म्हणजे आयुष्यभर हवी होती ती काच अखेर डोळ्याच्या आतच बसली. मी हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या बादलीकडे बराच वेळ पाहत राहिले.

महिन्याभराने मी त्यांना माझ्या लॅपटॉपपुढे बसवले. हायडिंगर नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४४ मध्ये नोंदवलेली एक गोष्ट आहे. लॅपटॉपच्या पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेने कंप पावणारा असतो. पांढराशुभ्र कोरा पडदा समोर ठेवून त्याच्या मध्यावर नजर लावली आणि मान एका बाजूला कलती केली, की नजरेच्या मधोमध एक फिकट पिवळी आकृती उमटते, दोन्ही टोकांना पसरट आणि मध्ये चिमटलेली, फुलपाखराच्या पंखांसारखी; लांब धरलेल्या अंगठ्याच्या दुप्पट रुंदीची. ती पडद्यावर नसते. आपल्याच पीतबिंदूतले पिवळे द्रव्य त्या प्रकाशाला दिशेनुसार कमी-अधिक शोषते, म्हणून ती दिसते. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी श्वास धरून बसले होते: मेथीच्या पानातला रंग मी मेथीशिवाय पाहत होते, ज्या जागी तो साठला आहे त्याच जागेने. झिजलेल्या पीतबिंदूंना ती दिसतेच असे नाही, म्हणून आबांना काही सांगायचे की नाही यावर माझे दोन दिवस गेले होते.

मी पडदा पांढरा केला आणि काय दिसते एवढेच विचारले. ‘‘काय न्हाई. पांढरं.’’ मी त्यांना मान कलती करायला सांगितली. वेल्डिंगची लाइन सरळ आली की नाही हे बघताना ते जशी मान तिरकी करायचे, तशी त्यांनी केली. आई दारात गवारीच्या शेंगा मोडत होती, तिचाही हात थांबला. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग आबांच्या भुवया वर गेल्या. ‘‘पिवळं काय तरी हाय. बारकं. पुसट.’’ मी कसे आहे ते विचारले. त्यांनी उत्तर न देता हवेत बोटाने आडवी रेघ ओढली आणि दोन्ही टोकांना ती रुंद केली. ‘‘गेलं,’’ ते म्हणाले. ते जातेच, डोळा त्याला दोन-चार सेकंदांत सरावतो. मी म्हणाले, ‘‘आता मान दुसरीकडं कलती करा.’’ त्यांनी केली.

‘‘आलं,’’ आबा म्हणाले, आणि आईला हाक मारून आपल्या शेजारी बसायला जागा केली.